हिरा कुणाचा? ‘द मूनस्टोन’ आणि तिचे दीडशे वर्षांचे वाचक

४ जानेवारी १८६८ रोजी लंडनच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीचा पहिला हप्ता छापून आला. शेवटचा, म्हणजे बत्तिसावा हप्ता ८ ऑगस्टला आला. साप्ताहिकाचे संपादक होते चार्ल्स डिकन्स. इंग्रजी हेरकथेचा इतिहास लिहिणारा कोणीही या कादंबरीला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. तरीही या लेखात मला तिची समीक्षा करायची नाही. वाचकांनी तिच्याविषयी काय म्हटले, केव्हा म्हटले आणि तसे का म्हटले, याचा माग घ्यायचा आहे.

मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि पतसंस्थेतली नोकरी एवढेच माझे अधिकृत शिक्षण. एकोणिसाव्या शतकातली नियतकालिके वाचण्याचा नाद मला चाळिशीत लागला आणि तो अजून सुटलेला नाही. या कादंबरीवरची मते कालक्रमाने मांडू लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आजचे अभ्यासक जो प्रश्न विसाव्या शतकात सापडला असे मानतात, त्याची चाहूल कादंबरी पुस्तकरूपात आली त्याच महिन्यात एका बाईंना लागली होती. मात्र पुढची शंभर वर्षे त्यांच्या त्या वाक्यांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

१. गोष्ट थोडक्यात

१७९९ च्या मे महिन्यात इंग्रज फौजा श्रीरंगपट्टण घेतात, टिपू सुलतान पडतो आणि लूट सुरू होते. त्या गोंधळात जॉन हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी रक्षकांना ठार करून एक पिवळा हिरा बळकावतो. हा हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवाच्या मूर्तीच्या कपाळावरचा. त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा करणारे तीन ब्राह्मण त्याच्या मागावर राहतात. पन्नासेक वर्षांनी हर्नकॅसल मृत्युपत्राने हिरा आपल्या भाचीला, रेचल व्हेरिंडरला देतो. २१ जून १८४८ ला यॉर्कशरमधल्या घरी तिचा अठरावा वाढदिवस होतो आणि त्याच रात्री हिरा नाहीसा होतो.

पुढची सगळी कादंबरी म्हणजे त्या रात्रीचा शोध. म्हातारा कारभारी बेटरेज, धर्मपत्रके वाटत फिरणारी मिस क्लॅक, वकील ब्रफ, रेचलवर प्रेम करणारा फ्रँकलिन ब्लेक, डॉक्टरचा मदतनीस एझ्रा जेनिंग्ज असे अनेक जण आपापला भाग सांगतात. कोर्टात एकामागून एक साक्षीदार उभे राहावेत तशी ही मांडणी आहे. हिरा कोणी घेतला ते मी इथे सांगणार नाही. उलगड्यात अफूचा मोठा वाटा आहे, एवढेच नोंदवतो, कारण त्यावरूनही वाचकांत मतभेद झाले.

२. पैज लावणारे वाचक

कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध करणारे विल्यम टिन्सली यांनी १९०० साली आठवणी लिहिल्या. त्यांत त्या दिवसांचे वर्णन आहे. नवा अंक निघायच्या दिवशी वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या कचेरीबाहेर लोक ताटकळत उभे असत. पाठीवर ओझे घेतलेले हमाल आणि निरोप पोचवणारी पोरे आडोशाला थांबून हप्ता वाचत. हिरा शेवटी कुठे सापडणार यावर पैजा लागत.

या वाचकांचे मत कोणत्याही नियतकालिकात छापून आले नाही. त्यांनी ते दोन पेनी मोजून नोंदवले. इथे थोडा हिशेब करण्यासारखा आहे. ३२ अंकांचे ६४ पेन्स, म्हणजे ५ शिलिंग ४ पेन्स. त्याच मजकुराची तीन खंडांची आवृत्ती तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ३१ शिलिंग ६ पेन्सला, म्हणजे जवळजवळ सहापट महाग. ती विकत घेणारे थोडे. सुखवस्तू घरांत ती म्युडीसारख्या वर्गणीच्या वाचनालयातून येई, आणि त्या वाचनालयाची वर्षाची वर्गणीच एक गिनी.

खंड बाजारात आले जुलैच्या मध्यावर आणि साप्ताहिकातला शेवटचा हप्ता आला ८ ऑगस्टला. म्हणजे वर्गणीदार वाचकाला चोर कोण ते तीन आठवडे आधी कळले, आणि हमालाला मात्र थांबावे लागले. कादंबरीवरचे पहिले छापील अभिप्राय खंड वाचणाऱ्यांचे आहेत हे ध्यानात ठेवावे लागते. आठवड्याला एक हप्ता वाचणारा माणूस मधले सहा दिवस तर्क करण्यात घालवतो. तीन खंड एका बैठकीत उपसणाऱ्याला ती उसंतच मिळत नाही. ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या आठवड्याआठवड्याने वाचणाऱ्या आपल्या पणजोबांच्या पिढीला हा फरक सांगावा लागला नसता.

३. जुलैमधले दोन दिवस

शनिवार, २५ जुलै १८६८. त्या दिवशी लंडनच्या दोन प्रतिष्ठित साप्ताहिकांत ‘मूनस्टोन’वर अभिप्राय आले आणि ते एकमेकांच्या अगदी उलट होते.

‘स्पेक्टेटर’च्या समीक्षकाने ही कादंबरी कॉलिन्सच्या लौकिकाला शोभणारी नाही असा निकाल दिला. असल्या लेखनाची त्याने शब्दकोड्यांशी आणि अक्षरांच्या खेळांशी तुलना केली: काही डोक्यांना अशी कसरत आवडते, आम्हाला नाही.

‘अथेनियम’मधला अभिप्राय निनावी होता. तो जेराल्डिन ज्यूसबरी यांचा. त्या स्वतः कादंबरीकार होत्या आणि प्रकाशकांसाठी हस्तलिखिते वाचून मत देण्याचे कामही करीत. त्यांनी सुरुवातच भुकेच्या उपमेने केली. भुकेने व्याकूळ झालेल्या माणसाला स्वयंपाक्याचे कसब दिसत नाही, त्याला फक्त अन्न दिसते. तसे आठवडेच्या आठवडे तिष्ठलेला वाचक आधी शेवटावर तुटून पडेल. म्हणून त्यांचा सल्ला असा की शेवट कळला की पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे, म्हणजे बांधणीतली कारागिरी दिसेल.

पण त्यांचे खरे महत्त्वाचे निरीक्षण उपसंहाराविषयीचे आहे. हेरगिरीचा भाग त्यांना काहीसा हिणकस वाटला होता. त्याचे उणेपण शेवटचे प्रकरण भरून काढते असे त्यांनी म्हटले. देवाच्या सेवेत आपली जात गमावून बसलेले तीन ब्राह्मण एकमेकांना मिठी मारतात आणि कधीही न संपणाऱ्या यात्रेला तीन दिशांनी निघून जातात, तो प्रसंग वाचताना डोळ्यांत पाणी न येणारा वाचक विरळा, असे त्या लिहितात. या कादंबरीतली सर्वांत खोल भावना त्यांना वाढदिवस आणि प्रेमप्रकरणात दिसली नाही. ती सोमनाथला दिसली. १८५७ होऊन जेमतेम अकरा वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मताचे मोल कळते.

दुसऱ्याच दिवशी, २६ जुलैला, डिकन्सने आपला सहकारी विल्स याला पत्र लिहिले. त्याला कादंबरीची रचना सहन होईनाशी वाटत होती, आणि तिच्यातल्या हटवादी अहंमन्यतेने वाचक दुखावतात असे त्याचे म्हणणे होते. गंमत अशी की वर्षभरापूर्वी, ३० जून १८६७ ला, सुरुवातीचे भाग वाचून त्याच डिकन्सने त्याच विल्सला कळवले होते की गोष्ट विलक्षण आहे, फार काळजीपूर्वक रचलेली आहे आणि कॉलिन्सच्या आधीच्या लेखनापेक्षा बरीच सरस आहे. मधल्या काळात दोघांतले संबंध ताणले गेले होते. कॉलिन्सचा भाऊ डिकन्सचा जावई होता आणि त्या नात्यातही कडवटपणा आला होता. वाचकाचे मत पुस्तकाबाहेरच्या गोष्टींवर किती अवलंबून असते याचा हा नमुना. आणि ज्याला ही रचना असह्य झाली त्यानेच १८७० साली ‘एडविन ड्रूड’ची सुरुवात अफूच्या अड्ड्यात केली.

४. हेरकथेचे चाहते

पुढच्या पिढ्यांनी ‘मूनस्टोन’ वाचली ती शेरलॉक होम्स वाचून झाल्यावर. त्यामुळे त्यांच्या मतांचा रोख बदलला. टी. एस. एलियट यांनी १९२८ च्या प्रस्तावनेत आधुनिक इंग्रजी हेरकादंबऱ्यांत ही पहिली, सर्वांत लांब आणि सर्वांत चांगली असा मान तिला दिला. त्याच वर्षी डोरोथी सेअर्स यांनी तिला आजवरच्या सर्वोत्तम हेरकथांत अग्रस्थान दिले. सगळे दुवे वाचकासमोर प्रामाणिकपणे ठेवलेले आहेत, हा त्यांच्या लेखी तिचा मोठा गुण.

‘पहिली’ या शब्दावर वाद आहे. पो यांची कथा १८४१ ची; ‘द नॉटिंग हिल मिस्टरी’ १८६२-६३ ची; फ्रान्समध्ये गाबोरियो यांनी आपली पहिली तपासकादंबरी ‘मूनस्टोन’च्या आधीच दिली होती. मला मात्र पहिलेपणाच्या वादापेक्षा हे वाचक काय गाळत होते ते महत्त्वाचे वाटते. हेरकथा म्हणून वाचताना श्रीरंगपट्टणची पाने नुसती पार्श्वभूमी ठरतात. हिरा हे निमित्त उरते आणि ब्राह्मण वाचकाची दिशाभूल करण्यापुरते राहतात.

१८६८ च्या वाचकाला तपासाचा भागही वेगळा दिसला असणार. १८६० साली रोड नावाच्या खेड्यात, रोड हिल हाउसमध्ये केंट कुटुंबातल्या लहान मुलाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन व्हिचर याने हरवलेल्या एका रात्रीच्या झग्यावरून मुलाच्या सावत्र बहिणीवर, सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्सवर आरोप ठेवला. साध्या घरातला पोलीस सभ्य घराच्या मुलीवर संशय घेतो याचा केवढा गहजब झाला! व्हिचरचे नाव खराब झाले. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने गुन्हा कबूल केला. ‘मूनस्टोन’मधला रंगाचा डाग पडलेला झगा, धोब्याच्या कपड्यांची यादी आणि गुलाबांचा शौकीन सार्जंट कफ हे सगळे त्या प्रकरणावरून आले आहे. हप्ते वाचणाऱ्या माणसाला ते ताबडतोब ओळखू आले असेल. एलियटच्या वाचकांना त्यासाठी तळटीप लागली असती.

डी. ए. मिलर यांनी १९८८ च्या पुस्तकात हाच धागा उलट बाजूने ओढला. त्यांचे म्हणणे असे की कफचा पहिला तर्क फसतो, तो निघून जातो आणि तपासाचे काम वकील, नोकरचाकर, नातेवाईक, शेजारी असे सगळे मिळून करतात. पोलीस दारात नसला तरी घरच घरावर नजर ठेवते. आपल्या वाड्यांत आणि चाळींत वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यायला सिद्धांत लागत नाही.

५. पहिल्या पानावरचा गुन्हा

१९७३ मध्ये जॉन रीड यांनी एका शोधनिबंधात प्रश्न विचारला: या कादंबरीतला मूळ गुन्हा कोणता? यॉर्कशरमधली चोरी, की श्रीरंगपट्टणमधला खून आणि लूट? त्यांच्या मते दुसरा. आणि इंग्रज पात्रे त्याची वाच्यताही करीत नाहीत. पुढे लिलियन नेडर यांनी बेटरेजच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’वर बोट ठेवले. हा म्हातारा अडचण आली की आपल्याकडे पोथी उघडून कौल घ्यावा तसा क्रूसोचे पान उघडतो. एका गोऱ्या माणसाने बेटाचा मालक होणे आणि फ्रायडेला चाकर करणे ही ज्या पुस्तकाची गोष्ट, तेच त्याचे धर्मपुस्तक. त्यानंतर अशा वाचनांची रीघ लागली.

काहींचा आक्षेप असा की हे आजचे विचार जुन्या पुस्तकावर लादणे झाले. हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. म्हणून मी त्या सालात आणखी काय घडत होते ते पाहिले.

हप्ते चालू असताना, १३ एप्रिल १८६८ ला, इंग्रज फौजांनी अबिसिनियातले मॅग्डाला घेतले. मोहिमेचे प्रमुख रॉबर्ट नेपियर हे मुंबई सैन्याचे सरसेनापती, आणि फौजेचा मोठा भाग मुंबईहून जहाजांनी गेला होता. सम्राट थिओडोर यांच्या गडावरची आणि चर्चमधली लूट हलवायला पंधरा हत्ती आणि सुमारे दोनशे खेचरे लागली असे सांगतात. वाटेत तिचा लिलाव झाला. १८७१ मध्ये ग्लॅडस्टन यांनी पार्लमेंटमध्ये या लुटीबद्दल खेद व्यक्त केला. म्हणजे जानेवारीत ज्याने श्रीरंगपट्टणच्या लुटीची गोष्ट वाचली, त्याने उन्हाळ्यापूर्वी वर्तमानपत्रात खरी लूट वाचली. मी पाहिलेल्या अभिप्रायांत हा दुवा कोणी जोडलेला नाही. पण दुवा समोर होता.

कोहिनूरचेही तसेच. कॉलिन्सने प्रस्तावनेतच कोहिनूरचा आणि रशियाच्या राजदंडातल्या हिऱ्याचा उल्लेख केला आहे. कादंबरीतला काळ १८४८-४९. पंजाब खालसा होऊन कोहिनूर दुलीपसिंगाकडून गेला तो १८४९ मध्ये. १८५१ च्या प्रदर्शनात लोकांनी तो पाहिला आणि १८५२ मध्ये ॲमस्टरडॅमचे कारागीर लंडनला आणून तो पुन्हा कापला गेला: १८६ कॅरटचा १०५ च्या आसपास आला. ‘मूनस्टोन’मध्येही हिरा ॲमस्टरडॅमला नेऊन त्याचे तुकडे करण्याचा बेत आहे. तुकडे झाले की त्याची ओळख पुसली जाते, मग तो कोणाचाच राहत नाही. हे कॉलिन्सला चांगले कळत होते.

त्याच्या मनाचा कल दाखवणारा आणखी एक पुरावा आहे. ऑक्टोबर १८५७ मध्ये डिकन्सने एका खाजगी पत्रात लिहिले की आपण हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर ही जमातच नष्ट केली असती. फेब्रुवारी १८५८ मध्ये कॉलिन्सने डिकन्सच्याच साप्ताहिकात ‘शिपायांसाठी प्रवचन’ अशा आशयाचा लेख लिहिला. सूर वडीलकीचाच होता. पण मुद्दा असा होता की सदाचाराचे धडे या लोकांच्या स्वतःच्या परंपरेतच आहेत, आणि शहाजहानच्या काळातली एक कथा त्याने त्यासाठी सांगितली. दहा वर्षांनी हिऱ्याची गोष्ट लिहिणारा लेखक हाच.

६. इकडचे वाचक

मराठी वाचकाजवळ या कादंबरीच्या काही किल्ल्या लंडनच्या वाचकापेक्षा जास्त आहेत. तिन्ही ब्राह्मण समुद्र ओलांडतात आणि जादूगारांचे सोंग घेतात, म्हणून जात गमावतात. ज्यूसबरींना यातली करुणा समजली. त्याची किंमत मात्र आपल्याला जवळून ठाऊक आहे. करसनदास मुळजी १८६३ मध्ये विलायतेला गेले म्हणून जातीने त्यांना वाळीत टाकले. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा उठलेले वादळ आपण शाळेपासून ऐकतो.

सोमनाथचेही तसेच आहे. इंग्रज वाचकाला हे नाव लॉर्ड एलेनबरोमुळे माहीत होते. त्याने १८४२ मध्ये गझनीहून सोमनाथचे दरवाजे परत आणल्याचा गाजावाजा केला. ते दरवाजे सोमनाथचे नव्हतेच आणि आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. आपल्याला सोमनाथ म्हटले की अहिल्याबाई होळकर आठवतात. भग्न देवळाजवळ १७८३ मध्ये त्यांनी नवे देऊळ बांधले आणि पूजा पुन्हा सुरू झाली. कॉलिन्सने काठेवाडात नोकरी केलेल्या जॉन वायली यांच्याकडून माहिती घेतली होती, तरी त्याने ज्योतिर्लिंगाच्या जागी चंद्राची मूर्ती बसवली. मूर्ती हरणावर बसवून त्याने चंद्राचे वाहन मात्र बरोबर दिले.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर पंधरवड्याला आठ-दहा जण जमतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही ही कादंबरी हप्त्याहप्त्यानेच वाचली, पुढचे पान न उलटण्याच्या अटीवर. पैजा आमच्यातही लागल्या, चहाच्या. तीस वर्षे दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या काकांना अफूचा प्रयोग पटला नाही. एवढ्या मात्रेने असे घडेल आणि वर्षाने पुन्हा तसेच घडेल हे त्यांना मान्य नव्हते. मी त्यांना सांगितले की कॉलिन्स स्वतः संधिवातासाठी लॉडॅनम घेत असे, कादंबरीत त्याने कार्पेंटर आणि एलियटसन या डॉक्टरांचे दाखले दिले आहेत, आणि अफूच्या विक्रीवर बंधन घालणारा इंग्लंडमधला कायदा त्याच जुलैत झाला. काकांचे मत बदलले नाही. एका निवृत्त शिक्षिकेला मोलकरीण रोझॅनाचे पत्र सर्वांत खरे वाटले. रेचलला मात्र स्वतःची साक्ष देऊ दिलेली नाही, हे त्यांच्याच लक्षात आले. तहसील कचेरीत आयुष्य गेलेले एक सभासद म्हणाले, “यॉर्कशरच्या चोरीचा पंचनामा चारशे पानांचा. श्रीरंगपट्टणच्या तिघांच्या खुनाचा पंचनामा कुठे आहे?”

त्यांच्या प्रश्नात रीड यांचा निबंध आला, आणि रीड हे नावही त्यांनी ऐकलेले नाही. त्याला जोडून मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. इतके साक्षीदार बोलतात, पण ज्यांचा हिरा आहे त्या तिघांपैकी एकही स्वतःची हकीकत सांगत नाही. शेवटचे दृश्यही आपल्याला प्रवासी मर्थवेटच्या पत्रातून कळते. कॉलिन्सने हिरा सोमनाथला परत पोचवला, हे त्या काळात धाडसाचे होते. त्या तिघांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करणे त्याला जमले नाही किंवा सुचले नाही. कादंबरीचे मोठेपण आणि मर्यादा दोन्ही याच शेवटच्या पानांत आहेत, आणि म्हणून तिला केवळ साम्राज्यवादी ठरवणारे आणि केवळ साम्राज्यविरोधी ठरवणारे असे दोन्ही पक्ष मला अपुरे वाटतात.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांनी ती ज्यूसबरींच्या सल्ल्याप्रमाणे दोनदा वाचावी. पहिल्यांदा खुशाल पैज लावून, चोर शोधत. दुसऱ्यांदा वाचताना सुरुवातीचे १७९९ चे प्रकरण सावकाश वाचावे आणि त्या रात्री मेलेल्या रक्षकांचा उल्लेख पुढे कोण, किती वेळा करतो ते पेन्सिलीने मोजत जावे. आमच्या सभासदांनी ते काम सुरू केले आहे.